पाच नवे टायर

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या नागपुरात कुलरच्या खिडक्यांतलं जुनं गवत निघतं आणि नवा वाळा भरला जातो. दुपारी त्यावरून पाणी झिरपायला लागलं की गल्लीभर तो ओला, मातकट वास पसरतो. लोकांना त्या वासानं झोप येते. मला मात्र त्यात मिसळलेला आणखी एक वास येतो, कोऱ्या रबराचा. तो आता कुणाच्याही घरातून येत नसतो, हे मलाही कळतं. पण एका उन्हाळ्यात हे दोन वास माझ्या बैठकीच्या खोलीत शेजारी-शेजारी राहिले होते, आणि एकदा जमलेला शेजार नाक काही मोडू देत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी चाकांत हवा भरायला लकडगंजात गेलो होतो. माझी जुनी अँबॅसडर आणि गुलाबराव टायरवाले, दोघांचीही आता सारखीच अवस्था आहे. सकाळी उठायला वेळ लागतो, आणि उठल्यावर बराच वेळ खोकावं लागतं. गुलाबराव स्टुलावरून उठले, वाकले आणि पुढच्या टायरमध्ये त्यांनी अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. नख रुतलं नाही.

"भाऊ, रबर मेलं हे. नऊ वर्सं झाली याले. बदलून टाका."

"पन चाललेच कुठं हे, गुलाबराव? महिन्यातून एकदा बाजारात जातो मी."

"न चालता बी म्हातारं होते ना. मानूस नाई होत का?"

मग त्यांनी डिकी उघडली, स्टेपनी बाहेर ओढली आणि हसायलाच लागले. "हे पाहा! याचे तं अजून केसं बी नाई झडले."

नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक बारीक केस असतात. साच्यातून निघतानाच ते येतात, आणि चार-दोन मैल गाडी चालली की झडून जातात. माझी स्टेपनी नऊ वर्षं डिकीत पडून होती. मी त्या केसांवरून हात फिरवला. बोटांना गुदगुल्या झाल्या. गुलाबरावांना म्हटलं, पाहू पुढच्या आठवड्यात, आणि हवा न भरताच घरी आलो.

नऊ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळाही असाच होता. रस्त्यांवरचं डांबर दुपारी पातळ व्हायचं आणि चप्पल उचलताना चिकटायची. लू लागू नये म्हणून गुलाबरावांच्या खिशात कांदा असायचा. ते हिशेबाची वही काढायला खिशात हात घालायचे आणि कांदा काढायचे. माझी बायको सुमन जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमची एकुलती एक मुलगी मंदा यवतमाळला दिलेली. तिला दिवस गेले होते आणि सातवा लागणार होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपल्याकडची रीत. सातव्यात लेकीला आणायची, तिनं बापाच्या घरी हुंदडायचं, आईच्या हातचं खायचं, आणि सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन सासरी जायचं. मी मंदाला लिहिलं की मी न्यायला येतो. तिचं कार्ड आलं.

"बाबा, तुम्ही येतो म्हणता, पण रस्ता फार खराब आहे म्हणतात. एस.टी.त फार धक्के बसतात. सासूबाई नको म्हणत आहेत. बघू या."

आता मी कोण? जन्मभर सरकारी कचेरीत बसून रस्त्यांचे नकाशे काढणारा माणूस. वर्धा रोडचं एक वळण तर माझ्या हातचं आहे. तिथून जाताना मी अजूनही गाडी हळू करतो आणि शेजारी कुणी असेल तर सांगतो. अशा माणसाला त्याच्या मुलीनं लिहावं की रस्ता खराब आहे! मला ते कार्ड म्हणजे वरिष्ठांकडून आलेला शेरा वाटला. रस्ता सुधारणं माझ्या हातात नव्हतं, पण चाकं होती. त्याच संध्याकाळी मी लकडगंज गाठलं. कार्डाच्या शेवटी "बघू या" असे दोन शब्द होते. ते मी वाचले आणि सोडून दिले.

सुमननं ते सोडले नसते. आमच्या घरात पत्र वाचायचं काम माझं होतं आणि समजायचं तिचं. तिला अक्षरं लावायला वेळ लागायचा, म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी मोठ्यानं वाचायचो आणि ती भाजी निवडत ऐकायची. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी मंदानं एकदा लिहिलं होतं, "इथलं पाणी फार जड आहे, डाळ शिजत नाही." सुमनचा हात मेथीत थांबला.

"पोरगी रडून राहिली तिकडे. उद्याच्या उद्या जा तुमी."

"अवं, पान्याबद्दल लिहिलं तिनं."

"तुमाले काई समजत नाई. जा म्हनते ना."

गेलो. मंदा खरंच रडत होती. कशासाठी ते मला अखेरपर्यंत कळलं नाही, पण मी गेल्यावर थांबली. परत आल्यावर सुमननं काही विचारलं नाही, फक्त पाणी दिलं आणि म्हणाली, "शिजली का डाळ?"

अशी बाई घरातून गेल्यावर पत्रं येतच राहतात, आणि वाचणारा माणूस आपण वाचलं म्हणजे समजलं असं धरून चालतो.

गुलाबरावांच्या काउंटरवर टायरचे कापलेले तुकडे असत. पावाची लादी कापावी तसे, आतलं सगळं दिसेल असे. साधा नायलॉनचा टायर, ट्रकवाले घालतात तसला जाड टायर, आणि नवीनच बाजारात आलेला रेडियल. बऱ्याच लोकांनी तेव्हा रेडियलचं नावही ऐकलं नव्हतं. मी रबराकडे पाहिलंच नाही. मी पाहिले रबराच्या आतले धागे. कारण टायर म्हणजे शेवटी कापड असतं, हे कोष्ट्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

माझा बाप महाल भागातल्या मागच्या गल्लीत मागावर बसायचा. मी ड्रॉइंग बोर्डावर बसलो. रेघ सरळ ठेवणं हा दोघांचाही धंदा. सुमन उमरेडच्या विणकरांची. दुकानात लुगडं घेताना ती कापड आधी उभं ओढून पाहायची, मग आडवं, आणि शेवटी तिरपं. तिरपं ओढलं की कुठलंही कापड लांबतं, हुळहुळतं, जागा सोडतं. साध्या टायरमध्ये धागे असेच तिरपे, एकमेकांवर कातरीसारखे. गाडी धावली की ते आपसात घासत राहतात आणि तापतात. रेडियलमध्ये ते या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, आणि वरून पट्टा बांधलेला. मी अंगठा आणि बोट यांच्यात तो तुकडा धरला आणि बापाची आठवण होऊन डोळे भरून आले. टायरच्या दुकानात रडणारं मी पहिलंच गिऱ्हाईक असेन.

"हेच पायजे," मी म्हटलं.

"भाऊ, हे वेगाच्या गाडीचं काम हाये," गुलाबराव म्हणाले. "तुमची गाडी चाळीसच्या वर गेली का हाफते. म्हाताऱ्याले पैलवानाचे बूट काहून घालून राहिले?"

"पोरगी आनाची हाये, यवतमाळहून. सातवा हाये तिले."

गुलाबराव गंभीर झाले. "असं सांगा ना मंग. येतानी गाडीत किती जन?"

"दोघंच. मी अन् पोरगी."

"सोबत बाईमानूस नाई?"

"नाई."

मला वाटलं, वजनाचा हिशोब करायला विचारताहेत. मी त्यांना सांगितलं की मागे सामान फार नसेल, तेव्हा हवा जास्त लागणार नाही. ते खिशातून वही काढायला गेले, कांदा निघाला, तो परत ठेवला आणि पाच टायरांची मागणी लिहून घेतली.

टायर एकदम आले नाहीत. आधी दोन आले. गुलाबराव म्हणाले, हे पुढे लावा, मागचे नंतर. पण मी कंपनीचं इंग्रजी पत्रक डिक्शनरी घेऊन वाचलं होतं, एकदा नाही, दहादा, आणि त्यात रेडियल आणि साधे टायर एका गाडीत मिसळू नका असं ठळक छापलेलं होतं. म्हणून ते दोन टायर मी घरी आणले आणि कुलरसमोर भिंतीला टेकवून ठेवले. उरलेले येईपर्यंत जवळजवळ महिना गेला. वाळ्याचा आणि रबराचा वास एकत्र झाला तो तेव्हा. दुपारी मी त्यांच्याकडे तोंड करून पडून राहायचो. घरात दोन वर्षांनी कुणीतरी नवीन येऊन राहिल्यासारखं वाटायचं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी सुखी होतो. आठवड्यातून तीनदा-चारदा लकडगंजात जात होतो. टायर आले का हे विचारायला, असं मी स्वतःला सांगायचो. पण जायचो बोलायला. कचेरी पाचला सुटायची आणि त्यानंतर दुसऱ्या सकाळी साडेदहापर्यंत मला कुणी हाक मारणारं नव्हतं. एकट्या माणसाचा आवाज संध्याकाळी बसायला लागतो. सकाळी पहिलं वाक्य बोलताना घसा खाकरावा लागला की समजायचं, काल संध्याकाळपासून आपण बोललो नाही. गुलाबराव माझ्याशी हवेबद्दल बोलायचे. शहरातले सगळे ड्रायव्हर उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी भरतात. ते चूक की बरोबर, यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ वाद घातला. मी पत्रकाच्या बाजूनं होतो, ते चाळीस वर्षांच्या अनुभवाच्या. जिंकलं कुणीच नाही. पण घरी जाताना माझा आवाज मोकळा होता, आणि मी रिकाम्या गाडीत चक्क गुणगुणत होतो.

पाचही टायर लागले तेव्हा मंदाचा सातवा सरत आला होता. आता चाचणी घ्यायची होती. मी सुमनचा पितळी तांब्या काठोकाठ भरला, मागच्या सीटवर तिच्या जुन्या लुगड्याची चुंबळ करून त्यात बसवला, आणि धरमपेठेतून लकडगंजापर्यंत जाऊन परत आलो. रेल्वेच्या फाटकावरून मुद्दाम दोनदा गेलो. घरी येऊन किती पाणी सांडलं ते बोटानं मोजलं. दोन बोटं. मग हवा दोन पाउंड कमी करून पुन्हा गेलो. दीड बोट. असं मी सलग तीन दिवस केलं. मंदाला किती धक्का बसेल ते मला त्या तांब्यावरून ठरवायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा तांब्याच होता. मंदा कमी होती.

तिसऱ्या दिवशी मी गाडीतून तांब्या काढत असताना समोरच्या मेश्रामबाई फाटकाशी आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आणि निम्म्या मोहल्ल्याची पोरं त्यांच्या हातांवर झालेली. सुमन होती तोपर्यंत दोन्ही घरांत सणासुदीला वाटी जायची-यायची. त्यांच्याकडून बुद्धपौर्णिमेला खीर यायची, आमच्याकडून पोळ्याला पुरणपोळी जायची. सुमन गेली आणि वाटी थांबली. पुरुष माणूस वाटीत काय घालून नेणार?

"भाऊ, हे काय करून राहिले तुमी? तीन दिवसांपासून पाहून राहिली मी. तांब्याले फिरवता काय गाडीत?"

मी त्यांना सगळं सांगितलं. धाग्यांचं, पट्ट्याचं, हवेचं. अर्धा तास त्या उन्हात उभ्या होत्या.

"मंदा येऊन राहिली? वा! मंग काई लागलं तं सांगजा बरं. संकोच नोका करू."

"नाई नाई, हवा भराचा पंप हाये माझ्याकडे," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि घरात गेल्या. आज हे लिहिताना कानशिलं गरम होतात.

पहाटे पाचला निघालो. बंपरला पाण्यानं भरलेली कापडी छागल बांधली होती, माझ्यासाठी. मंदासाठी मागच्या सीटवर तोच तांब्या, वर फुलपात्र झाकलेलं, बाजूला दोन उशा. रेडियल टायर खालून थोडा पसरतो. हवा पुरेशी असली तरी पोट सुटल्यासारखा दिसतो. त्यामुळे वाटेत प्रत्येकजण मला थांबवत होता. बुटीबोरीला चहावाला म्हणाला, "सायेब, चाकात हवा कमी हाये." वर्ध्याला पेट्रोल भरणारा म्हणाला. देवळीला एक बैलगाडीवाला बैल थांबवून म्हणाला. मी प्रत्येकाला खाली उतरून समजावून सांगितलं की हे रेडियल आहेत, हे असेच दिसतात. माझ्या आयुष्यात एका दिवसात इतक्या लोकांशी मी कधी बोललो नव्हतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं तापत होती, पळस कधीच झडून गेला होता, आणि गाडी खरोखर तरंगल्यासारखी चालली होती. मी मध्येच आरशात मागचा तांब्या पाहायचो. थेंब सांडत नव्हता.

यवतमाळला विहीणबाईंनी पन्हं दिलं. जावई कामावर गेले होते. मंदा आतल्या दारात उभी होती, जड झालेली, चेहरा उजळलेला, आणि क्षणभर मला वाटलं सुमनच उभी आहे. विहीणबाई चांगल्या बाई होत्या. तसं मी तेव्हा म्हटलं नसतं, पण होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं,

"मंदाचे बाबा, मले एक सांगा बरं. तुमच्या घरी हाये कोन?"

मी म्हटलं, "गाडीचे पाची टायर नवे हायेत. रेडियल हायेत. तिले एक धक्का नाई बसनार."

पंखा फिरत होता.

"धक्क्याचं नाई म्हनत मी," त्या हळूच म्हणाल्या. "रातच्याला पोरीचं पोट दुखलं तं काय करसान तुमी?"

"गाडी हाये ना दाराशी."

"अन् मंग? तिले न्हाऊ-माखू कोन घालन? शेकशेगडी कोन करन? लेकराले तेल कोन लावन?"

यातल्या एकाही गोष्टीचं पत्रक माझ्याकडे नव्हतं. दोन महिने मी तयारी करत होतो. त्या दोन महिन्यांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की लेक माहेरी येते म्हणजे कुणाकडे तरी येते. मी माहेराला गावासारखं धरलं होतं, नकाशावर ठिपका असतो तसं. रस्ता धड असला की माणूस पोचतो.

मंदानं विषय बदलावा तसं विचारलं, "बाबा, यंदा घरी कुरोड्या केल्या का कोनी?"

तिला माहीत होतं, कुणी केल्या नाहीत. सुमन होती तेव्हा एप्रिलमध्ये कुरडयांनी आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसे. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास, पहाटे मोठ्या गंजात रटरटणारा चीक, लुगड्यावर सोऱ्यानं घातलेली पांढरी चक्रं. मंदा गरम चीक वाटीत घेऊन वर साखर घालायची आणि आईचा मार खाता खाता खायची. सुमन म्हणायची, "वाळवनाले नाई उरनार वं एक बी." आणि स्वतःच तिच्या वाटीत आणखी एक पळी घालायची.

"विकतच्या आनू ना," मी म्हटलं.

मंदा हसली. ते हसणं मला अजून दिसतं. मग ती सासूकडे न पाहता, माझ्याकडे पाहत म्हणाली, "राहू द्या बाबा. रस्ता खराब हाये."

बाहेर दारासमोर गाडी उभी होती, पाच नव्या टायरांची. आणि माझी लेक चारचौघांत मला झाकत होती. कार्डातही तिनं तेच केलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. "आई नाही, मी कुणाकडे येऊ" असं कुठली मुलगी बापाला लिहील? तिनं रस्त्यावर ढकललं. रस्त्याला काय, तो सगळ्यांचंच वाहून नेतो.

आणि मी काय केलं? मी ते पांघरूण घट्ट ओढून घेतलं. "हो ना," म्हटलं, "देवळीच्या पुढं तं फारच खराब हाये."

जेवून निघालो. विहीणबाईंनी बळंच लोणच्याची बरणी दिली. परतताना देवळीला तोच बैलगाडीवाला झाडाखाली बसलेला दिसला. त्यानं ओळखून हात केला, मी थांबलो नाही. घरी येऊन मागचं दार उघडलं. फुलपात्र झाकलेलं तसंच होतं. तांब्या भरलेला होता, काठापासून जेमतेम बोटभर कमी. दोनशे मैल त्याला घेऊन फिरलो होतो आणि कुणी घोटभर प्यायलं नव्हतं. ते पाणी मी ओतून दिलं नाही. उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं. कोमट होतं आणि त्याला पितळेची चव होती.

दोन महिन्यांनी तार आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. नात आता तिसरीत आहे. मंदा येते, नाही असं नाही. दिवाळीनंतर येते, दोन दिवस राहते, स्वयंपाकघरातले डबे लावून देते, आणि तिसऱ्या सकाळी निघते. माहेरपणाला येणारी लेक डबे लावत नाही. तिला कुणी लावू देत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत ये म्हणून मी दर वर्षी लिहितो. दर वर्षी उत्तर येतं. त्यात कधी पोरीची परीक्षा असते, कधी ऊन असतं, आणि रस्ता हमखास असतो. मधल्या काळात तो रस्ता चांगला रुंद झाला आहे. नकाशे माझ्याच टेबलावरून गेले.

तर त्या दिवशी मी हवा न भरता घरी आलो, गाडी लावली आणि फाटकातच उभा राहिलो. मेश्रामबाई समोर झाडांना पाणी घालत होत्या. आता त्याही माझ्यासारख्याच निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी विचारलं, काय म्हणते गाडी? मी म्हटलं, टायर म्हातारे झाले. आणि काय झालं कोण जाणे, कोऱ्या स्टेपनीचं सांगता सांगता मी त्यांना यवतमाळचं सगळं सांगून टाकलं. नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. विहीणबाईंनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं.

त्यांच्या हातातली झारी रिकामी झाली तरी त्या ती तशीच धरून उभ्या होत्या.

"भाऊ, मले काहून नाई सांगतलं गा तवा?" त्या म्हणाल्या. "मी महिनाभर सुटी काढली असती. तुमच्या घरी येऊन झोपली असती. सुमनताईनं माझ्या पोराच्या वख्ताले काय नाई केलं? मी इथंच होती ना. इथं, समोर."

समोर म्हणजे बावीस पावलं. दुसऱ्या दिवशी मोजली. नऊ वर्षांपूर्वी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या घातल्या असतील, त्याला गणती नाही, आणि ही बावीस पावलं माझ्या नकाशातच आली नव्हती.

त्या आठवड्यात मी माळ्यावरून सोऱ्या काढला. पितळ काळं पडलं होतं, चिंचेनं घासलं. गहू भिजवले. मेश्रामबाईंनी बाजेवर बसून हुकूम सोडले आणि चीक मी हाटला. पहिल्या गंजात गुठळ्या झाल्या, दुसरा खाली लागला. "हात चालवा भाऊ, टायरमधी हवा नाई भरून राहिले तुमी," त्या म्हणाल्या. तिसरा जमला. सुमनच्या त्याच जुन्या लुगड्यावर, ज्याची मी तांब्यासाठी चुंबळ केली होती, मी वाकड्यातिकड्या चाळीसेक कुरडया घातल्या. एक वाटी गरम चीक साखर घालून मेश्रामबाईंना दिला. रिकामी वाटी त्यांनी परत दिली नाही. संध्याकाळी ती भरून आली, वांग्याच्या भाजीनं.

मग मंदाला कार्ड लिहिलं. लिहायला वेळ लागला, कारण सवयीनं हात सारखा गाडीकडे जात होता. शेवटी एवढंच लिहिलं. "गच्चीवर कुरडया घातल्या आहेत. पहिला चीक बिघडला. मेश्रामकाकू रोज येतात. तुझी आठवण काढतात."

गुलाबरावांकडे मी अजून गेलेलो नाही. टायर बदलायचे की नाही ते ठरत नाही. दुपारी गच्चीवर छत्री घेऊन बसतो आणि चिमण्या हाकलतो. वाळायला लागलेली कुरडई उन्हात बारीक चटचट वाजते. त्या आवाजाबद्दल सुमन कधी बोलली नव्हती. तिला तो रोजचाच असेल. मला तो पहिल्यांदा ऐकू आला, आणि तिच्याशिवाय ऐकतो आहे याचं फार वाईट वाटलं.

काल मंदाचं उत्तर आलं. मी ते घेऊन स्वयंपाकघरात गेलो, उंबऱ्यावर बसलो, आणि मोठ्यानं वाचलं.

"बाबा, पहिला चीक बिघडला म्हणजे गहू दोनच दिवस भिजवले असतील. आई तीन दिवस भिजवायची, आणि रोज पाणी बदलायची. मीठ आधी घातलंत की नंतर? हिंग घातला का? लुगडं कोणतं अंथरलं, ते निळ्या काठाचं का? मेश्रामकाकूंना नमस्कार. पोरीच्या शाळेला एक तारखेपासून सुटी आहे."

एवढंच. येते असं लिहिलेलं नाही, येत नाही असंही नाही. सुमन असती तर मेथी निवडता निवडता एका ऐकण्यात सांगून मोकळी झाली असती. मी आपलं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, प्रत्येक शब्दावर थांबत, अगदी शेवटपर्यंत. रस्त्याचं नाव कुठेच नव्हतं.